'आपल्यासारखंच आहे' याच्या पुढे : दूरदेशीच्या कादंबऱ्यांवर स्वतःचा प्रतिसाद कसा लिहावा

प्रश्न : चोपडा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात बारा-तेरा जणांचा वाचक-कट्टा आहे. दोन शिक्षक, तीन केळीवाले शेतकरी, एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, काही गृहिणी, कॉलेजातली दोन मुलं. यंदा आम्ही वेगवेगळ्या देशांतल्या अलीकडच्या कादंबऱ्या घेतल्या आणि प्रत्येकाने आपला प्रतिसाद लिहून आणायचा असं ठरवलं. पण कागदावर दोनच गोष्टी उतरतात : 'माणूस इथून तिथून सारखाच' नाहीतर 'फार वेगळं आहे, नीट कळलं नाही'. उरलेला सगळा कथेचा सारांश. वाचायचं कसं, टिपायचं काय, लिहायचं कसं?

उत्तर :

'माणूस इथून तिथून सारखाच' हे वाक्य पहिल्या पन्नास पानांत सुचतं. तिथेच समाधान मानलं तर पुढची दोनशे पानं फुकट जातात, कारण जे आधीच माहीत होतं तेच परत मिळालेलं असतं. जुळणारी जागा सापडली हे चांगलंच. पण प्रतिसादाला खरा विषय मिळतो तो ती जुळणी पानावर जिथे तुटते तिथे. कुठल्या पानावर तुटली, कशाने तुटली आणि त्यानंतर आपल्या घराकडे, शेताकडे, रिवाजाकडे पाहताना काय वेगळं दिसलं, एवढं ज्याला सांगता आलं त्याचा प्रतिसाद दुसऱ्या कुणासारखा होत नाही. बाकी सगळी युक्ती या एका गोष्टीसाठी आहे.

एक उदाहरण जरा विस्ताराने घेतो. अब्दुलरझाक गुर्ना यांची 'पॅराडाइज' (१९९४). गुर्ना मूळचे झांझिबारचे, लिहितात इंग्रजीत, २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं. काळ पहिल्या महायुद्धाच्या आधीचा, मुलूख जर्मनांच्या ताब्यातला पूर्व आफ्रिका. युसूफ नावाचा बारा वर्षांचा मुलगा. बापाचं छोटं हॉटेल आहे, त्याच्यावर अझीझ नावाच्या व्यापाऱ्याचं कर्ज आहे. एक दिवस मुलगा 'अझीझकाकां'बरोबर गाडीत बसतो. त्याला वाटतं पाहुणा म्हणून चाललोय. बापाच्या कर्जापोटी आपल्याला गहाण टाकलंय, हे त्याला दुकानावर राबणारा खलील सांगतो, आणि हेही सांगतो की हा माणूस तुझा काका नाही.

खानदेशातला वाचक इथे लगेच म्हणेल : हा तर सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरतं, आखाजीला फिटतं, आधी उचल घेतलेली असते, मालकाला नाना नाहीतर दादा म्हणायचं. वहीत लिहा, जरूर लिहा. मग पुढे वाचत राहा आणि स्वतःलाच खोडायला बसा. सालदार मोठा माणूस असतो, तो बोली करतो, त्याला रक्कम माहीत असते. युसूफला रक्कम माहीत नाही. सालाला शेवटची तारीख असते. युसूफच्या गहाणाला तारीख नाही. तुलना इथे तुटली. पण थांबू नका. उचल फिटली नाही म्हणून तोच सालदार पुढच्या आखाजीलाही त्याच खळ्यात का दिसतो? मग तारीख खरोखर असते का? आणि 'काका' म्हटल्याने कर्जाचा हिशोब कसा झाकला जातो हे तिथे दिसल्यावर आपल्याकडच्या 'नाना'चं काय? एवढं लिहिलं की 'शोषण सगळीकडे सारखंच' हे वाक्य आपोआप गळून पडतं. त्याच्या जागी एक नेमकी गोष्ट येते, जी फक्त खानदेशातल्या वाचकालाच लिहिता आली असती.

तुमच्या कट्ट्यावरच्या रेल्वेवाल्या काकांना याच कादंबरीचं पहिलं प्रकरण द्या. युसूफचं गाव रेल्वेमार्गाच्या कामामुळे भरभराटीला आलेलं असतं. काम पुढे सरकतं तसं ते उतरणीला लागतं आणि गाडी फक्त लाकूड-पाणी घ्यायला थांबते. भुसावळला कोळशाच्या इंजिनांचा काळ पाहिलेल्या माणसाला त्या दोन परिच्छेदांत जे दिसेल ते समीक्षकाला दिसणार नाही. आणि एक गोष्ट सगळ्यांनीच टिपावी : या कादंबरीत कलासिंगा नावाचा एक शीख मिस्त्री आहे, आणि पैसा पुरवणारे भारतीय व्यापारीही आहेत. म्हणजे तिथे परका आपण आहोत. दुसऱ्याच्या पुस्तकात आपला माणूस कसा दिसतो, कुठल्या ओळीला हसू आलं आणि कुठल्या ओळीला राग, हा एका टिपणाचा स्वतंत्र विषय आहे.

आता वहीबद्दल. साधी दोनशे पानी रेघांची वही पुरते. डाव्या पानावर पुस्तकाचा पान क्रमांक आणि तिथे काय घडलं किंवा म्हटलं गेलं ते एका ओळीत. उजव्या पानावर आपल्या मनात काय आलं आणि का आलं. 'का' हा भाग लिहायचा कंटाळा येतो, म्हणून तोच सक्तीचा ठेवा. 'आवडलं', 'अंगावर आलं', 'भिडलं' एवढंच लिहिलं असेल तर आठवड्याने ती नोंद तुम्हालाच कळत नाही. प्रत्येक नोंदीला चार खुणांपैकी एक द्या : 'जु' म्हणजे जुळलं, 'तु' म्हणजे तुटलं, 'अ' म्हणजे अडलो, 'चि' म्हणजे चिडलो. अडीचशे पानांच्या कादंबरीला पंचवीस ते चाळीस नोंदी पुरेशा. शंभर झाल्या तर तुम्ही पुस्तक वाचत नाही, उतरवून घेताय. दहापेक्षा कमी असतील तर बहुधा फक्त गोष्टीमागे पळालात.

दर पन्नास पानांनी थांबून पाच ओळी लिहा : पुढे काय होईल असं वाटतं, आणि कुणावर विश्वास बसत नाही. हा अंदाज चुकला की सोनं. कारण आपण अंदाज आपल्या सवयीने बांधतो. मुलगी घर सोडून गेली तर परत येईल, बाप शेवटी विरघळेल, कर्ज फिटेल किंवा जीव जाईल, या आपल्या गोष्टींच्या वळणाच्या अपेक्षा. कादंबरी तसं करत नाही तेव्हा तिची संस्कृती आणि आपली अपेक्षा एकाच ठिकाणी उघडी पडते. मात्र नोंद आधीची हवी. पुस्तक संपल्यावर 'मला असंच वाटलं होतं' असं सगळ्यांनाच वाटतं.

'अ' खुणेचा नियम कडक ठेवा. अनोळखी पदार्थ, सण, नातं, गावाचं नाव आलं की लगेच मोबाईल काढायचा नाही. खूण करा, पुढे जा. प्रकरण संपल्यावर जास्तीत जास्त पाच गोष्टी शोधा. निम्म्या गोष्टी पुढच्या चार पानांत आपोआप उलगडतात. दर ओळीला शोधत बसणाऱ्याची लय मोडते, आणि त्याच्या टिपणात मग कादंबरीऐवजी माहितीकोश उतरतो. नावांसाठी मात्र पहिल्या दिवसापासून वहीच्या शेवटच्या पानावर वंशावळ काढा. जोखा अल्हार्थी यांच्या 'सिलेस्टियल बॉडीज'च्या इंग्रजी आवृत्तीत ती सुरुवातीलाच दिली आहे, तरी स्वतःची काढा. काढताना कोण कुणाचं हे हाताला लक्षात राहतं.

या कादंबरीवर जरा थांबू, कारण 'नीट कळलं नाही' ही तक्रार बहुतेक अशाच पुस्तकांबद्दल असते. ओमानमधलं अल-अवाफी नावाचं गाव, मय्या, अस्मा आणि खौला या तीन बहिणी, आणि मय्याचा नवरा अब्दुल्ला. मूळ अरबी पुस्तक २०१० चं. मॅरिलिन बूथ यांच्या इंग्रजी अनुवादाला २०१९ चं आंतरराष्ट्रीय बुकर, म्हणजे इंग्रजीत अनुवादित पुस्तकासाठीचं पारितोषिक, मिळालं, अरबीतून आलेल्या पुस्तकाला पहिल्यांदाच. प्रकरणं तोकडी, प्रत्येकाला माणसाचं नाव. अब्दुल्लाची प्रकरणं 'मी'मधून, तो विमानात बसून आठवतोय. बाकीच्यांची बाहेरून सांगितलेली. काळ पुढेमागे उडतो. पहिल्या साठ पानांत गोंधळ होतो तो वाचकाच्या कमकुवतपणामुळे नाही, बांधणीच तशी आहे. उपाय साधा आहे : प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर पेन्सिलीने दोन गोष्टी लिहा, कोण बोलतंय आणि साधारण कुठल्या वर्षातलं. पुस्तक वाचनालयाचं असेल तर चिकटचिठ्ठीवर. चाळीस पानांनंतर जाळं दिसायला लागतं.

कळायला अवघड जाण्याचं दुसरं कारण फार महत्त्वाचं आहे, आणि ते कट्ट्यावर कुणीच विचारत नाही : हे पुस्तक कुणासाठी लिहिलंय? खालिद हुसैनी यांच्या कादंबऱ्या मराठीत सहज मिळतात आणि सहज वाचल्या जातात. ते अमेरिकेत राहून इंग्रजीत लिहितात. अफगाण रिवाज बाहेरच्याला समजावा, अशी सोय त्या मजकुरातच असते. अल्हार्थी अरबीत लिहितात, अरबी वाचकांसाठी. आपल्या माणसाला आपलं घर कोण समजावून सांगेल? ओमानमध्ये गुलामगिरी १९७० मध्ये कायद्याने बंद झाली आणि झरीफा या बाईचं सगळं आयुष्य त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे, हे ओमानी वाचकाला पहिल्या उल्लेखात कळतं. आपल्याला दहा प्रकरणं लागतात. तेव्हा सोपी कादंबरी म्हणजे चांगली, आणि न कळलेली म्हणजे लेखकाची चूक, हा निवाडा घाईने करू नका.

हे पटत नसेल तर एक प्रयोग करा. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, त्यांचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो. त्यातली कुठलीही तीन पानं घ्या आणि मस्कतमधल्या वाचकासाठी तळटिपा लिहा. अर्ध्या तासात हात दुखेल. दुसऱ्याच्या पुस्तकात आपण नेमके कुठे उभे असतो ते त्या अर्ध्या तासात कळतं.

निवडीबद्दल. कॉलेजची मुलं पुरस्काराची यादी आणतात आणि सगळ्यात जाड पुस्तक उचलतात. तसं करू नका. बारा जण आणि दोन प्रती असतील तर वर्षाला चार कादंबऱ्या हे कमाल माप आहे. प्रत्येकाच्या हातात प्रत दहा-बारा दिवस राहिली पाहिजे. कापूस वेचणीच्या दिवसांत बैठक ठेवली तर शेतकरी गळतात आणि मग प्रतिसाद फक्त शिक्षकांचे उरतात. चैत्र-वैशाखातल्या लांब दुपारी सगळ्यात चांगल्या. संपूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढून वाटणं बेकायदा आहे. त्यापेक्षा आणखी एक प्रत वर्गणीतून घ्या. इंग्रजी अडत असेल तर आधी वाचनालयाच्या नोंदवहीत मराठी आणि हिंदी अनुवाद तपासा. आपल्याकडे हिंदी वाचायला कुणाला अडचण नसते, तरी हिंदी कादंबरी कुणी घेत नाही हे नवल आहे. गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' (२०१८) मूळ देवनागरीत वाचता येते. तिच्या डेझी रॉकवेल यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला २०२२ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. पण ती पहिली घेऊ नका. तिच्या वाक्यांची चाल सवयीची व्हायला वेळ लागतो आणि नवा कट्टा शंभर पानांत फुटतो.

पहिली घ्यायची तर चो नाम-जू यांची 'किम जी-यंग, बॉर्न १९८२'. कोरियन मूळ २०१६ चं, इंग्रजीत दोनशेपेक्षा कमी पानं. घटना साध्या, काळ सरळ, आणि मधूनच तळटिपांत खरी आकडेवारी येते. कादंबरीत तळटीप कशाला, हा पहिल्या बैठकीसाठी उत्तम प्रश्न आहे.

यातली एकच जागा दाखवतो. चुसोक हा कोरियन सण. जी-यंग सासरी स्वयंपाकात राबतेय. नणंद माहेरी येते, सगळे खूश. आणि जी-यंग अचानक स्वतःच्या आईच्या आवाजात बोलायला लागते : तुमची लेक घरी आली, तशी आमची लेकही आमच्याकडे पाठवा. खानदेशातल्या बायकांना हे वाचताच आखाजी आठवणार. झोके, गौराईची गाणी, सासरहून आलेल्या लेकी. पहिली नोंद 'तु' येईल : आपल्याकडे लेकीने माहेरी यावं म्हणून सणच आहे, तिथे त्याच सणाला सून अडकलेली. बरोबर आहे. पण दुसऱ्यांदा वाचताना कुणीतरी विचारलं पाहिजे की आखाजीला घरी आलेल्या चार लेकींचा स्वयंपाक कोण करतं. वहिनीही कुणाची तरी माहेरवाशीणच. ती त्या दिवशी कुठे असते? इथे कादंबरीने तुमच्या अंगणात येऊन बोट ठेवलं. हे लिहायला कोरियाविषयी एक ओळही माहिती लागत नाही. लागतो तो फक्त तो प्रसंग नीट, दोनदा वाचलेला असणं.

हान कांग यांची 'द व्हेजिटेरियन' घेणार असाल तर एका अपघाताची आधीच कल्पना देतो. मूळ कोरियन २००७, डेबोरा स्मिथ यांच्या इंग्रजी अनुवादाला २०१६ चं आंतरराष्ट्रीय बुकर, आणि लेखिकेला २०२४ चं नोबेल. यंग-हे नावाची बाई एका स्वप्नानंतर मांस सोडते. आपल्या कट्ट्यावर निम्मे लोक शाकाहारी. हमखास कुणीतरी 'शाकाहाराचा विजय' असं लिहून आणतं. दुसरं कुणी म्हणतं, आमच्याकडेही आजोबांनी माळ घातली तेव्हा घरात असंच झालं होतं. दुसरं निरीक्षण कामाचं आहे, त्याला पुढे ढकला. माळकऱ्याच्या नकारामागे पंथ आहे, वारी आहे, गावात मान आहे. घरातले कुरकुरतात, पण कुणी त्याच्या तोंडात बळजबरीने मटण कोंबत नाही. यंग-हेचा बाप तेच करतो, सगळ्या घरादारासमोर. तिच्या नकारामागे कुठलाच पंथ नाही, तिला नावाजणारं कुणी नाही, कारण म्हणून एक स्वप्न आहे. एकटीच्या नकाराला समाज कुठली भाषा देतो आणि ती नसेल तर काय होतं, हा प्रश्न माळेच्या तुलनेतूनच नीट उभा राहतो. आणि बांधणी विसरू नका : तीन भाग आहेत, एक नवऱ्याच्या तोंडून, दुसरा तिच्या मेहुण्याच्या (बहिणीच्या नवऱ्याच्या) मागे जाणारा, तिसरा बहिणीच्या. यंग-हेचं स्वतःचं म्हणणं स्वप्नांच्या तुकड्यांपुरतंच. प्रतिसादात 'यंग-हेला वाटतं' असं लिहिलंत तर पान क्रमांक द्या. बहुतेक वेळा तो सापडत नाही, कारण ते नवऱ्याला किंवा बहिणीला तिच्याबद्दल वाटलेलं असतं.

याच पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादावर कोरियात बरीच टीका झाली; चुका आणि पदरचं घातलेलं दाखवून देण्यात आलं. म्हणून 'लेखिकेची भाषा काव्यमय आहे' असं लिहू नका; तुम्ही वाचलेली वाक्यं अनुवादकाची आहेत. 'इंग्रजी अनुवादातली वाक्यं छोटी, कोरडी वाटली' एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. आंतरराष्ट्रीय बुकरची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. तेव्हा टिपणाच्या पहिल्या ओळीत दोघांचीही नावं, मूळ भाषा आणि वर्ष लिहायची सवय लावा.

जनावरं पाळणाऱ्यांसाठी एक पुस्तक सुचवतो, पण सावधगिरीने. लुकास राइनेव्हेल्ड यांची 'द डिसकम्फर्ट ऑफ ईव्हनिंग', डच भाषेतली, २०२० चं आंतरराष्ट्रीय बुकर. दूधव्यवसाय करणारं कर्मठ ख्रिस्ती कुटुंब, बर्फाखाली बुडून मेलेला मोठा मुलगा, अंगातला कोट न काढणारी दहा वर्षांची बहीण. पुढे गोठ्यात लाळ्या-खुरकूत येतो आणि गायी मारून टाकल्या जातात. आपला शेतकरी इथे अडतो, आणि अडायलाच हवं : खुरकूत आला म्हणून कुणी अख्खा गोठा मारतं का? तोंड-खूर धुतो, लस टोचतो, जनावर बहुधा उठतं. कारण व्यापारात आहे. २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये साथ आली तेव्हा युरोपीय संघात नियमित लस देण्यावर बंदी होती, रोगमुक्त देश हा शिक्का निर्यातीसाठी टिकवायचा होता, म्हणून साथीच्या आसपासचे निरोगी गोठेही रिकामे केले गेले. हे कळल्यावर घरातलं मुलाचं मरण आणि गोठ्यातलं मरण यांना लेखकाने शेजारी का ठेवलं ते उलगडतं. मात्र या कादंबरीत प्राण्यांची क्रूर हत्या आणि मुलांमधले लैंगिक प्रसंग आहेत, तपशिलात. बैठकीआधी सगळ्यांना सांगा. ज्याला नको त्याने सोडावी, त्यात कमीपणा नाही.

आता प्रत्यक्ष लिहिणं. पुस्तक संपल्यावर दोन दिवस लिहू नका. मग पहिलं प्रकरण परत वाचा. शेवट माहीत असताना सुरुवात वेगळी वाचली जाते, आणि टिपणातलं सगळ्यात चांगलं वाक्य बऱ्याचदा या दुसऱ्या वाचनात मिळतं. प्रस्तावना, लेखकाची मुलाखत, इतरांची परीक्षणं, हे सगळं कच्चा खर्डा झाल्यानंतर. आधी वाचलंत तर तुमच्या चाळीस नोंदी गप्प बसतील आणि दुसऱ्याचं मत तुमच्या अक्षरात उतरेल.

नोंदी समोर ठेवा आणि एकाच विषयावरची एक 'जु' व एक 'तु' शोधा. सालदार आणि गहाण, आखाजी आणि चुसोक, माळ आणि यंग-हे. ती जोडी म्हणजे टिपणाचा कणा. सातशे शब्दांचं माप धरलंत तर पुस्तकाची ओळख साठ-सत्तर शब्दांत, कथा जास्तीत जास्त सव्वाशे शब्दांत आणि तीही तुमच्या जोडीला लागेल तेवढीच. साडेतीनशे-चारशे शब्द त्या दोन जागांवर खर्च करा. एकदा-दोनदा मूळ वाक्य पान क्रमांकासह द्या, तीन ओळींपेक्षा मोठं नको. उरलेल्या शब्दांत अशा वाचकाला उत्तर द्या जो तुमच्याशी सहमत नाही. तुमच्या कट्ट्यावर तो बहुधा शेजारच्याच खुर्चीवर असतो.

काय बिघडतं ते एका नमुन्यावर दाखवतो. 'या कादंबरीतून कोरियन समाजातील स्त्रीच्या वेदनेचे प्रत्ययकारी दर्शन घडते.' या वाक्यात चूक काहीच नाही, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. कोरियनच्या जागी ओमानी घाला, तरी चालतं. ज्या वाक्यात देशाचं नाव बदलूनही काही बिघडत नाही ते खोडा. त्याच्या जागी असं : 'नणंद दारात आली तेव्हा सगळे उठले, जी-यंग मात्र ओट्याजवळच राहिली. मी इथे वाचन थांबवलं, कारण आमच्या घरी आखाजीला ओट्याजवळ कोण असतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं.' हे वाक्य दुसऱ्या पुस्तकाला चिकटवता येत नाही.

आणखी एक सवय मोडायची आहे : 'कोरियात असं असतं', 'आफ्रिकेत तसं असतं'. एका कादंबरीवरून देश कळत नाही. 'या घरात', 'या गावात' असं लिहा. आफ्रिकेत पन्नासहून अधिक देश आहेत. खानदेशात तापीच्या दोन काठांवरचा मजकूर एक नसतो, धडगावचा पावरा आणि रावेरचा लेवा पाटील एका वाक्यात बसत नाहीत, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. तोच न्याय तिकडेही लावा.

भाषेचं म्हणाल तर कच्चा खर्डा घरच्या बोलीत लिहा. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, तडवी, जी असेल ती. परीक्षणी मराठीतले तयार शब्द बोलीत बसत नाहीत, त्यामुळे 'माले हाई पटनं नही' असं लिहिल्यावर लगेच कारण द्यावं लागतं. पळवाट उरत नाही. पक्का मजकूर प्रमाण मराठीत करायचा की नाही हे कट्ट्याने ठरवावं. माझ्या मते काही टिपणं बोलीतच राहू द्यावीत.

स्वतःचा प्रतिसाद म्हणजे घरातलं सगळं चव्हाट्यावर आणणं नव्हे, हे विशेषतः बायकांना आणि मुलांना स्पष्ट सांगा. लहान गावात 'एका शेतकऱ्याचा सालदार' म्हटलं तरी कोण ते कळतं. प्रसंग न सांगता जागा सांगता येते : ओटा, खळं, बसस्टँड, दवाखान्याची ओळ. वाचकाला तेवढं पुरतं. दुसऱ्याची गोष्ट त्याला न विचारता लिहायची नाही, नाव बदलूनही नाही.

बैठक दीड तासाची ठेवा. पहिली दहा मिनिटं कुणीतरी पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचावं. इंग्रजी असेल तर वाचता वाचता तोंडी मराठी करत. नंतर प्रत्येकाने टिपण वाचावं, सारांश आला की चालकाने थांबवावं, भीड न धरता. चालकाचं मुख्य काम आधीच झालेलं हवं : सगळ्यांच्या वह्या पाहून एकाच पानावर एकाने 'जु' आणि दुसऱ्याने 'तु' लिहिलंय अशी दोन-तीन पानं काढून ठेवणं. चर्चा त्या पानांवर घ्या. लेखकाचं चरित्र, पुरस्कार, देशाचा इतिहास हे शेवटच्या पंधरा मिनिटांत. आधी घेतलं तर सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस बोलत राहतो आणि बाकीचे ऐकत बसतात.

राहिलं अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचं. कट्ट्यावर दर वेळी तीन-चार जणांचं वाचून झालेलं नसतं आणि ते लाजून येतच नाहीत. त्यांनाही टिपण लिहायला लावा, दोनशे शब्दांचं : कुठल्या पानावर सोडलं, त्याआधीच्या दहा पानांत काय चाललं होतं, आणि हात कशाने मागे आला. कंटाळा, किळस, राग, नावांचा गोंधळ की वेळच नव्हता, यातलं नेमकं काय ते लिहावं. वेळ नव्हता असेल तर तसंच लिहावं आणि प्रत पुढच्याला द्यावी, खुणेची चिठ्ठी त्या पानावर तशीच ठेवून.